टेबलावरून उठल्यानंतरची पाठ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण मुंबईत झालं, सुरुवातीची नोकरीही तिथेच केली, आणि मग पडघ्याला, माहेरच्या गावात, दवाखाना टाकला. मुंबई-नाशिक महामार्गावरचं हे गाव. एका अंगाला भिवंडीकडून पसरत आलेली गोडाऊनं, दुसऱ्या अंगाला खडवलीच्या बाजूची भातखाचरं. समृद्धी महामार्गाचं शेवटचं टोकही २०२५च्या जूनमध्ये आमण्याला, आमच्या तालुक्यातच, येऊन मिळालं. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या कमरा या तीन जागांच्या असतात: गोडाऊनातल्या हमालाची, ट्रकच्या सीटवरची आणि खाचरात वाकलेल्या बाईची.

तीन महिन्यांहून जास्त काळ टिकते ती जुनी कंबरदुखी, असं आम्ही धरतो. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या दुखण्यावर हाताने करायचे उपचार हे माझं रोजचं काम. मणक्यांचे सांधे हळूहळू, लयीत हलवायचे, किंवा योग्य माणूस असेल तर नेमका एक झटका द्यायचा. या कामाने मला जे शिकवलं ते इथे मांडते आहे.

१. पाठ तपासण्याआधी दिवस विचारावा

रुग्ण आत येतो तोच सदरा वर करून पालथा पडायच्या तयारीत. मी त्याला आधी खुर्चीवर बसवते आणि उठल्यापासून आडवं होईपर्यंतचा सगळा दिवस सांगायला लावते. किती वाजता गाडी लागते, माल जमिनीवरून उचलता की फळीवरून, वळून ठेवता की पुढे चालत जाऊन, दुपारी कुठे टेकता, रात्री खाटेवर झोपता की खाली.

या गप्पांत निम्मं निदान होतं. ड्रायव्हरला बसलं की दुखतं आणि ढाब्यापाशी चार पावलं चाललं की बरं वाटतं. सत्तरीच्या एका शेतकऱ्याचं नेमकं उलटं होतं. चालायला लागलं की दोन्ही पोटऱ्या भरून यायच्या, थांबावं लागायचं. पण सायकल हातात धरून, हँडलवर झुकून ढकलत नेली तर तो बाजारापर्यंत आरामात जायचा. मणक्याच्या नळीतली जागा अरुंद झाली की असं होतं. पुढे झुकलं की ती जागा थोडी मोकळी होते. हे त्याने सायकलवरून सांगितलं, मशीनने नाही. त्याच्या पाठीला मागे वाकवायचे व्यायाम देणं चुकीचं ठरलं असतं, आणि ड्रायव्हरला नेमके तेच लागू पडले.

२. काही पाठींना हात लावायचाच नसतो

भिवंडीत यंत्रमागावर काम करणारा एक तरुण आला होता. कित्येक आठवडे पाठ दुखत होती. कुणीतरी सांगितलं होतं, पडघ्याच्या ताई झटका देतात, एका झटक्यात मोकळा होशील. मी त्याला विचारलं, रात्री झोपल्यावर दुखतं का? म्हणाला, रात्रीच जास्त. संध्याकाळी अंग तापतं का? थोडं थोडं. पँट ढिली झाली होती, पट्ट्याला नवीन भोक पाडलं होतं. पाठीवरून बोटाने हळू ठोकत गेले तर एकाच मणक्यावर तो कळवळला. मी झटका दिला नाही, हलकी हालचालसुद्धा नाही. चिठ्ठी लिहून पुढच्या तपासणीला पाठवला. मणक्याचा टीबी निघाला.

टीबी फक्त छातीत होतो असं अजूनही पुष्कळांना वाटतं. मणक्यात तो हाड आणि गादी पोखरतो. अशा मणक्यावर जोर दिला तर मज्जारज्जूवर दाब येऊन पाय जाऊ शकतात. औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, मणक्याच्या टीबीला ती वर्षभराच्या आसपास घ्यावी लागतात, आणि निक्षय पोषण योजनेतून खुराकासाठी महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. हे सगळं मी त्याला आणि त्याच्या भावाला समोर बसवून सांगितलं, कारण अर्ध्यावर औषध सोडणं इथे फार होतं. तो मुलगा आज बरा आहे. त्याला बरं करण्यात माझा वाटा एवढाच, की मी हात मागे घेतला.

पडल्यावर अचानक पाठ धरलेली म्हातारी, बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेला दम्याचा रुग्ण, पूर्वी कर्करोग झालेलं माणूस, कारणाशिवाय वजन उतरलेलं कुणीही: यांना आधी डॉक्टर, मग मी. ठिसूळ हाडाला आमचा हात मोडू शकतो.

आणि मानेबद्दल एक वाक्य इथेच सांगते, जरी लेख कमरेचा असला तरी. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान दोन्हीकडे कडाकड मोडून घ्यायची सवय सोडा. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी अशा झटक्याने फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

३. ‘कट्’ आवाज म्हणजे हाड जागेवर बसणं नव्हे

झटका दिला की सांध्यातून आवाज येतो. रुग्ण खूश होतो, ‘बसलं’ म्हणतो. आवाज आला नाही तर उपचार झालाच नाही असं त्याला वाटतं. मोबाइलवर असे आवाज टिपणारे व्हिडिओ बघून आलेली मुलं तर तेवढ्यासाठीच येतात.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली बोटं मोडतानाचं चित्रण एमआरआयमध्ये केलं. सांध्याचे दोन पृष्ठभाग झपकन वेगळे होतात तेव्हा आतल्या वंगणासारख्या द्रवात एक पोकळी तयार होते, आणि आवाज त्या क्षणाचा असतो, असं त्यांना दिसलं. हाड कुठेही सरकलेलं नव्हतं, त्यामुळे परत बसण्याचा प्रश्नच नव्हता. पाठीच्या छोट्या सांध्यांतही असाच द्रव असतो.

मणका जागचा हलतो आणि तो हाताने बसवायचा, ही कल्पना बऱ्याच जुन्या काळापासून आहे. अमेरिकेत डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी १८९५ साली एका सफाई कामगाराच्या पाठीवर दाब दिला, त्याला ऐकू येऊ लागलं असा दावा केला आणि त्यातून कायरोप्रॅक्टिक उभं राहिलं. सरकलेला मणका हेच बहुतेक रोगांचं मूळ, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याला आधार मिळाला नाही. शिवाय एकाच रुग्णाची पाठ दोन जाणकारांनी चाचपली तर ‘बिघडलेला’ मणका कोणता यावर त्यांचं एकमत व्हायची खात्री नसते, हेही तपासून झालेलं आहे. निरोगी माणसाचा मणका शिंकल्याने, वाकल्याने, खाटेवरून चुकीचं उठल्याने जागा सोडत नाही. त्याला स्नायू, अस्थिबंध आणि गाद्यांनी फार घट्ट बांधलेलं असतं. हे मी दिवसातून अनेकदा सांगते, आणि सांगत राहणार आहे, कारण ‘माझा मणका सरकलाय’ असं मनात धरलेला माणूस काचेचं भांडं सांभाळावं तसा स्वतःला सांभाळतो आणि त्यानेच आणखी जखडतो.

४. एमआरआयचा कागद माणसापेक्षा मोठा होऊ देऊ नये

कल्याणहून नाहीतर ठाण्याहून एमआरआय काढून आणतात. प्लास्टिकच्या पिशवीत मोठं पाकीट, आणि तोंडावर ‘एल-फोर एल-फाइव्ह’. ज्या माणसाला इंग्रजी वाचता येत नाही त्यालाही हे दोन शब्द पाठ असतात. ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी घासली’, ‘नस दबली’. एक बाई तर घरात झाडू मारणंही सोडून बसल्या होत्या. अहवालात गादी फुगल्याचं लिहिलं होतं, आणि वाकलं तर ती फुटेल, असं शेजारणीने सांगितलं होतं. सून सगळं करायची, आणि सुनेवर सगळं पडतं याचा त्यांना वेगळा त्रास व्हायचा.

२०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशाच लोकांची चित्रं त्यात पाहिली होती. गादी झिजल्याच्या खुणा विशीतल्या ३७ टक्के लोकांत होत्या, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. फुगलेली गादी विशीत ३० टक्क्यांना आणि ऐंशीत ८४ टक्क्यांना. यातलं एकही माणूस पाठ दुखते म्हणून आलेलं नव्हतं.

त्या बाईंना मी एवढंच म्हटलं, उन्हाळ्यात शेताच्या बांधाला भेगा पडतात, त्या दिसल्या म्हणून बांध फुटला असं तुम्ही म्हणता का? त्या हसल्या. मग आम्ही दोघींनी मिळून जमिनीवर पडलेला टॉवेल उचलला. आधी स्टुलावरून, मग पाटावरून, मग खालून. पाठीला मी त्या दिवशी फारसा हातच लावला नाही.

एमआरआय निरुपयोगी आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. पायातली ताकद कमी होत असेल, वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा असतील, शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर तो हवाच. पण दुखण्याची गोष्ट माणसाने सांगायची असते. चित्राने तिला दुजोरा द्यायचा किंवा नाही द्यायचा.

५. हात नेमकं काय करतात

ऑस्ट्रेलियातले फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी मणक्यांच्या हालचालींना पायऱ्या लावून दिल्या. त्यांचं पुस्तक १९६४ साली आलं आणि आम्ही अजून त्याच पायऱ्यांच्या भाषेत बोलतो. पहिली पायरी म्हणजे हालचालीच्या सुरुवातीलाच अगदी छोटे हेलकावे. दुसरी, मोठे हेलकावे, पण जिथे अडतं तिथपर्यंत न जाता. तिसरीत मोठे हेलकावे अडणाऱ्या टोकापर्यंत जातात. चौथीत टोकाशीच छोटे. झटका याच्याही पुढचा. दुखणं जास्त असेल तर पहिली-दुसरी, आखडलेपण जास्त असेल तर तिसरी-चौथी. मणक्याच्या मधल्या उंचवट्यावर तळहाताची कड ठेवायची, कोपर सरळ, आणि जोर खांद्यातून न देता स्वतःच्या शरीराच्या झुलण्यातून द्यायचा. नाहीतर वर्षभरात आमचीच मनगटं जातात.

यातून काय होतं? आज आम्हाला जे कळलं आहे ते असं, की सांधा आणि स्नायूंतून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांमुळे दुखण्याची तीव्रता काही काळ उतरते, घट्ट धरलेले स्नायू सैल होतात, वाकणं सोपं जातं. काही तास, कधी दोन-तीन दिवस. झटक्यानंतर एखादा दिवस अंग ठणकणं नेहमीचं आहे, ते आधीच सांगावं.

आणि किती फायदा? ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१९ साली ४७ चाचण्यांचा, नऊ हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित अभ्यास आला. जुन्या कंबरदुखीवर मणक्याचे हाताने केलेले उपचार हे व्यायामासारख्या इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकेच उपयोगी ठरतात, असा त्याचा निष्कर्ष. तेवढेच. माझ्या धंद्याचा हा निष्कर्ष मी दवाखान्यात लपवत नाही. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन्हींत हाताच्या उपचारांना जागा आहे. ‘नाइस’ने तर अट घातली आहे, की व्यायामाची जोड असेल तरच.

६. आराम वाटतो त्या तासांत माणसाने काय केलं, यावर सगळं अवलंबून

माझ्या सगळ्या अनुभवातला गाभा हाच. पाठ हलकी झाली की दोन प्रकारची माणसं दिसतात. एक घरी जाऊन आडवं होतं, ‘बरं वाटतंय तर जपू’ म्हणून. दुसरं त्याच संध्याकाळी चालायला जातं. पहिलं पुन्हा तसंच येतं, त्याच जागी हात ठेवून. दुसऱ्याला मी हळूहळू कमी भेटते.

म्हणून टेबलावरून उठल्यावर मी रुग्णाला लगेच सोडत नाही. जी हालचाल येताना दुखत होती तीच करून बघायला लावते. वाकता येत नव्हतं तर वाक. आता जरा सोपं जातंय, होय ना? मग दहा वेळा वाक. आजच, इथेच. हात काढल्यावर पाठीने स्वतः केलेली ती हालचाल तिला लक्षात राहते. इंग्लंडमध्ये १३३४ रुग्णांवर झालेली, २००४ साली प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी हेच दाखवते. आधी हाताचे उपचार आणि पाठोपाठ व्यायाम, असा क्रम ठेवलेल्या गटाला तीन महिन्यांनी मध्यम फायदा दिसला. वर्षाने तोही थोडाच उरला होता. म्हणजे व्यायामही चालू ठेवावा लागतो, नुसता शिकून उपयोग नाही.

न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी यांची गोष्ट मी ड्रायव्हर लोकांना सांगते. १९५६च्या सुमारास वेलिंग्टनला त्यांच्या दवाखान्यात एक रुग्ण चुकून डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला. म्हणजे कंबर मागे वाकलेली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हे घातकच. मॅकेन्झी आत आले तेव्हा त्या माणसाचा पायात उतरणारा ठणका थांबला होता. त्यातून त्यांची पद्धत निघाली. पायातलं दुखणं कमरेकडे सरकत आलं तर दिशा बरोबर, खाली उतरलं तर चुकीची. तासन्‌तास बसून येणाऱ्या आमच्या ड्रायव्हरांना पालथं पडून कोपरांवर टेकण्याचा हा साधा प्रकार बऱ्याचदा मानवतो. केबिनमागच्या बर्थवरही तो करता येतो. भुजंगासनाची ओळख असलेल्यांना तर शिकवावंच लागत नाही.

योगाबद्दल विचारतात. करावा. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनी दोऱ्या, खुर्च्या, विटा यांचा आधार देऊन आसनं आखडलेल्या माणसांच्या आवाक्यात आणली, आणि त्यांच्या पद्धतीवर कंबरदुखीच्या चाचण्या अमेरिकेतही झाल्या आहेत. फक्त चटईवर बसणं ज्यांना जमत नाही त्यांनी चालण्यापासून सुरुवात करावी. चालणं सगळ्यांना येतं.

७. ओझं कमी करा म्हणणं सोपं, पण ओझं त्याच्या हातात नसतं

गोडाऊनातल्या हमालाला ‘जड उचलू नका’ असं चिठ्ठीवर लिहिणं म्हणजे त्याला उपाशी राहायला सांगणं. मी हे लिहीत नाही. ‘गुडघ्यात वाकून उचला’ एवढंच शिकवूनही भागत नाही. उचलण्याच्या पद्धतीचं नुसतं प्रशिक्षण दिल्याने कंबरदुखी टळते असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि ज्याला तासाला शेकडो खोकी गाडीत चढवायची आहेत तो प्रत्येक वेळी उकिडवा बसूच शकत नाही.

आकडे बघा. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्याच्या संस्थेचं सूत्र सांगतं, की सगळं अनुकूल असताना, म्हणजे वस्तू अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, न वळता, कधीमधी उचलायची असताना, २३ किलो ही मर्यादा. अंतर वाढलं, वळावं लागलं, फेऱ्या वाढल्या, की ती खाली उतरत जाते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली पुरुषासाठी ५५ किलोची शिफारस केली होती. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९चा माथाडी कायदा आला. पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला नोंदणी, मंडळ, वैद्यकीय सोय मिळाली. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक पोरांना मात्र आपण या कायद्यात बसतो की नाही हेच माहीत नसतं. ठेकेदाराच्या हाताखाली रोजावर काम, आज या गोडाऊनात, उद्या त्या. पाठीचा प्रश्न हा त्यांच्या हजेरीचाही प्रश्न आहे, आणि माझ्या टेबलावर त्याचं उत्तर नाही, हे मला फार बोचतं.

जे हातात आहे ते आम्ही करतो. माल जमिनीवर न ठेवता पॅलेटवर ठेवला तर वाकणं निम्मं होतं. एका ओळखीच्या सुपरवायझरला मी हे सांगितलं आणि त्याने जड खोकी मधल्या फळीवर घ्यायला लावली. हात-ट्रॉली पडून असते, ती काढायला सांगायची. जड नग दोघांनी धरायचा. दुखण्यातून उठलेल्या माणसाने पहिला आठवडा हलका माल घ्यायचा आणि रोज थोडं वाढवायचं. पूर्ण सुट्टी आणि पूर्ण ओझं यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या असतात.

आणखी दोन गोष्टी. रात्रभर आडवं राहिल्याने गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस दीडेक सेंटिमीटर उंच असतो तो त्यामुळेच. या ताठ गाद्यांवर उठल्याउठल्या खोल वाकण्याचा ताण जास्त येतो. म्हणून पहाटेच्या पाळीवाल्यांनी पहिला तासभर खालून जड उचलणं टाळावं. ते जमत नसेल तर निदान आधी थोडं चालून घ्यावं. तसंच नाशिकहून गाडी हाकत आलेल्या ड्रायव्हरने उतरल्याबरोबर माल उतरवायला हात लावू नये. बराच वेळ बसून आणि हादरे खाऊन पाठीचे बंध सैलावलेले असतात. पाच-दहा मिनिटं गाडीभोवती फिरावं, चहा उभ्याने घ्यावा.

८. आवणी करणाऱ्या बायका स्वतःहून सांगत नाहीत

जून-जुलैत पाऊस लागला की भाताची आवणी सुरू होते. चिखलात पाय, डोक्यावर आता इरल्याऐवजी प्लास्टिकचा कागद, आणि कंबर सकाळपासून दुमडलेली. या बायका माझ्याकडे येतात त्या मुलाला किंवा सासूला घेऊन. स्वतःचं शेवटी, दारात चप्पल घालता घालता सांगतात. ‘बाय, मना पन कंबर धरते जरा.’ तेव्हा त्यांना परत आत बोलवायचं.

त्यांच्यासाठी सर्वांत उपयोगी ठरलेलं अगदी छोटं आहे. एक ओळ लावून झाली की उभं राहायचं, दोन्ही हात कमरेवर ठेवायचे आणि पाच वेळा मागे वाकायचं. हे एकटीने केलं तर लाजिरवाणं वाटतं. सगळ्या जणींनी केलं तर नाही. एका वस्तीवर मी बांधावर जाऊन सगळ्यांना एकदमच करायला लावलं.

सिझेरिअन झालेल्या जवळजवळ प्रत्येक बाईकडून ऐकते, ‘पाठीत सुई दिली तेव्हापासून कंबर गेली.’ सुईच्या जागी काही दिवस दुखू शकतं. त्याने कायमची कंबरदुखी लागते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. गरोदरपण, पोटाचे सैलावलेले स्नायू, रात्रीची अपुरी झोप, कडेवरचं मूल, आणि बाळंतपणानंतर व्यायाम कुणी शिकवलाच नाही, हे सगळं सुईच्या नावावर जमा होतं. सुईला दोष दिला की करण्यासारखं काही उरत नाही. व्यायामाला सुरुवात केली की उरतं.

आणि पडद्याआड, दुसरी बाई सोबत असताना, कुठे हात लावणार आणि का हे सांगून, हो म्हणाल्यावरच हात लावायचा. पुरुषांनाही हे विचारते. बरेच पुरुष पाठीला हात लागताच श्वास धरून ठेवतात, आणि श्वास धरलेल्या पाठीवर कोणतीच पायरी लागू पडत नाही.

९. पट्टा आणि वजन

कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन, ज्याला लोक ‘वजन लावणं’ म्हणतात, या दोन्हींची जुन्या कंबरदुखीसाठी शिफारस करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या सूचनांत आहे. पट्ट्याची सवय लागलेल्याला मी तो एकदम काढायला लावत नाही. फक्त घरात काढा, मग चालताना काढा, असं म्हणते.

१०. आधीच्या उपायांची हेटाळणी करू नये

आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घेतात. हाडवैद्याकडे जातात. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, तेल लावून गरम केलेलं रुईचं पान, अकलोली-वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत बसणं. आयुर्वेदातली कटिबस्ती, म्हणजे उडदाच्या पिठाचं आळं कमरेवर करून त्यात कोमट तेल धरणं. ऊब मिळाली की स्नायू सैलावतात, आणि आपल्या माणसाने हात फिरवला की जीव निवांत होतो. माझ्या टेबलावरही त्यातलं बरंच काही घडत असतं. अचानक भरलेली उसण बहुतेकदा काही दिवसांत आपोआप उतरतेच. पाय लावणाऱ्याला त्याचं श्रेय मिळतं, जसं पुष्कळदा मलाही मिळतं.

हरकत फक्त तिथे, जिथे कुणी पाठीवर उभं राहतं, जोराने मुरगाळतं, किंवा ताप आणि वजन उतरणं असताना शेक घेत महिने जातात. पायाळू माणसाच्या नुसत्या स्पर्शाने कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही.

११. किती वेळा यायचं, हे पहिल्याच दिवशी बोलावं

‘वीस बैठका, आधी पैसे भरा’ असं कुणी म्हणालं तर उठून यावं. तीन-चार बैठकांत काहीच फरक पडला नाही तर माझा अंदाज बदलायला हवा, किंवा रुग्णाने दुसरीकडे जायला हवं. हात लावणाऱ्याकडे काय शिक्षण आहे हे विचारायला संकोच करू नये. महाराष्ट्रात २००२च्या कायद्याने फिजिओथेरपिस्टांची परिषद आहे, तिचा नोंदणी क्रमांक मागावा. २०२१ पासून केंद्राचाही कायदा आहे. रोजंदारी बुडवून येणाऱ्या माणसाला प्रत्येक जादा फेरी दोनदा महाग पडते.

निघताना मी एक चिठ्ठी देते, मराठीत, मोठ्या अक्षरांत. वर तीन व्यायाम, त्याच्या कामाला बसणारे. खाली, दुखणं पुन्हा उसळलं तर काय करायचं: दोन दिवस काम हलकं, अंथरूण धरायचं नाही, चालत राहायचं, आठवड्यात उतरलं नाही तर या. आणि सर्वांत खाली, लाल शाईत: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली, तर माझ्याकडे यायचं नाही, मला फोनही करायचा नाही. त्याच तासाला, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जायचं. तिथे शस्त्रक्रियेला उशीर झाला तर गेलेला ताबा परत येईलच असं नाही.